विंडोज ११ चं अपग्रेड अर्ध्यातून परत फिरतंय (कोड सी१९००१०१) – मदत हवी

जाईजुई

नमस्कार मंडळी,

घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १० वरून ११ टाकायचं चाललंय आणि ते दरवेळी एकाच ठिकाणी अडतंय.

मशीन दुकानातून असेंबल करून घेतलेलं आहे. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी (सी ड्राइव्हवर सत्तरेक जीबी मोकळे), शिवाय जुनी १ टीबीची हार्डडिस्क. विंडोज १० होम, २२एच२. पीसी हेल्थ चेक चालवलं तर सगळ्या खुणा हिरव्या. टीपीएम (सुरक्षेची चिप) आहे, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आहे.

अपडेट पूर्ण उतरतं, रिस्टार्ट मागतं. काळ्या पडद्यावर टक्के मोजायला लागतं. पहिलं रिस्टार्ट व्यवस्थित होतं. मग टक्का पन्नाशीच्या पुढे गेला की ठिपके फिरतच राहतात, मशीन आपोआप बंद होऊन चालू होतं आणि पडद्यावर येतं, 'अनडूइंग चेंजेस मेड टू युअर कॉम्प्युटर'. थोड्या वेळाने विंडोज १० जसंच्या तसं परत. फाइल एकही गेलेली नाही, तेवढं नशीब.

शेवटी ही पाटी येते: ०एक्ससी१९००१०१ – ०एक्स३००१८. खाली लिहिलंय की 'फर्स्ट बूट' टप्प्यात 'सिसप्रेप' चालू असताना चूक झाली.

ट्रबलशूटर चालवून झाला, अपडेटचा साठा रिकामा करून झाला, एसएफसी (विंडोजच्या फाइली तपासणारा) स्कॅनही झाला. काही फरक नाही.

फॉरमॅट मारायचा नाहीये. हा पीसी मुख्यतः बाबा वापरतात. प्रेस बंद केलं तरी लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल अशी डीटीपीची कामं ते घरून करतात. त्यांचं जुनं मराठी टायपिंगचं पॅकेज या मशीनवर आहे आणि त्याची सीडी कुठल्या माळ्यावर आहे ते देवालाच ठाऊक.

---

सह्यभटक्या

ताई, सरळ फॉरमॅट मारा आणि मोकळ्या व्हा. डेटा हार्डडिस्कवर हलवा, पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज ११ टाका. दीड तासाचं काम. अपग्रेडच्या नादाला लागलं की जुना कचरा सगळा नव्या घरात येतो. मी तर दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत पीसीपण फॉरमॅट करतो.

---

खटपट्या

+१ फॉरमॅट.

---

जाईजुई

@सह्यभटक्या, वर लिहिलंय की हो. सीडी नाही. ते पॅकेज पुन्हा टाकता आलं नाही तर बाबा मला घराबाहेर काढतील.

---

बाराखडी

फॉरमॅटची घाई करू नका. तुमच्या कोडने अर्धं काम केलेलंच आहे.

हा कोड दोन तुकड्यांत वाचायचा. पहिला तुकडा सी१९००१०१. हा दिसला की बहुतेक वेळा ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) घोळ असतो. हार्डडिस्कमध्ये जागा नाही म्हणून अडलं असतं तर ८००७००७० आला असता, तो वेगळा.

दुसरा तुकडा ३००१८. त्यातला पहिला आकडा टप्पा सांगतो. १ म्हणजे जुन्या विंडोजमध्येच चाललेली तयारी, २ म्हणजे रिस्टार्टनंतरचं छोटं तात्पुरतं विंडोज, ३ म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा उठतं तो क्षण, ४ म्हणजे दुसऱ्यांदा उठणं. तुमचा ३ आहे. म्हणजे फाइली जागेवर बसल्या, नवं विंडोज उठलं, त्याने एकेक हार्डवेअर ओळखायला घेतलं आणि कुठल्यातरी एका उपकरणापाशी त्याचा श्वास अडकला. शेवटचे १८ म्हणजे सिसप्रेप (नव्या विंडोजची या मशीनपुरती जुळणी), हे पाटीवर लिहिलेलंच आहे.

म्हणून अपडेटचा साठा रिकामा करून किंवा एसएफसी चालवून फरक पडला नाही. दुखणं गुडघ्याला आणि मलम कपाळाला, असं झालं ते.

आता एवढं करा:

१. माउस, कीबोर्ड, मॉनिटर सोडून सगळं काढा. प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, यूएसबीचं वायफाय, जे असेल ते. दुसरी हार्डडिस्कपण काढता आली तर उत्तम.

२. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर बंद करून भागत नाही, अनइन्स्टॉल करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तेवढ्या वेळापुरता पुरे आहे.

३. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमध्ये लॉग्ज, त्यात सेटअपडायग नावाचं फोल्डर आहे का बघा. अपग्रेड फसलं की विंडोज स्वतःच तिथे निदानाची फाइल टाकून ठेवतं. नोटपॅडमध्ये उघडा आणि त्यात काय लिहिलंय ते इथे द्या. मशीनचं किंवा तुमचं नाव दिसलं तर तेवढं खोडा.

एक राहिलंच. कशालाही हात लावण्याआधी बाबांच्या कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोज मागे फिरताना सहसा काही गमावत नाही, पण 'सहसा'वर पतसंस्थेचा अहवाल ठेवू नये.

---

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, माह्या पीसीवर वेगळाच लोचा हाय. 'सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' म्हणते अन् रिस्टार्टच्या आधीच थांबते. सी ड्राइव्हवर दीडशे जीबी मोकळे हायेत. आता याले अजून किती जागा पाह्यजे?

---

बाराखडी

@वऱ्हाडी_ठेचा, त्याला सी ड्राइव्हवर नाही, बूटच्या छोट्या पार्टिशनवर जागा हवी आहे. ते जेमतेम १०० एमबीचं असतं, एक्सप्लोररमध्ये दिसतही नाही. त्यात विंडोजने वेगवेगळ्या भाषांचे बूटचे फाँट ठेवलेले असतात. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून माउंटव्हॉल कमांडने त्या पार्टिशनला वाय असं अक्षर द्यायचं, मग ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फाँट्स असं आत जाऊन फक्त त्या फाँट्स फोल्डरमधल्या फाइली उडवायच्या. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर हाच उपाय आहे, कमांड तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका. शेजारच्या बाकी कशालाही हात लावू नका, नाहीतर मशीन उठणारच नाही.

आधी तुमची डिस्क जीपीटी आहे की एमबीआर (पार्टिशनं नोंदवायची नवी आणि जुनी पद्धत) ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये तपासा. एमबीआर असेल तर वेगळी कृती आहे, तेव्हा इथे विचारा.

---

आजोबा_ऑनलाइन

माझा प्रश्नही इथेच विचारतो. संगणक नवव्या पिढीचा आहे, पण हेल्थ चेक म्हणते सिक्युअर बूट नाही. मुलगा परदेशी असतो, त्याच्या वेळेत आणि माझ्या वेळेत मेळ बसत नाही. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला.

---

बाराखडी

काका, मदरबोर्ड बदलू नका. नवव्या पिढीच्या बोर्डात सिक्युअर बूट असतंच, फक्त विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं असावं. विंडोजबरोबरच एमबीआर२जीपीटी नावाचं एक साधन येतं, ते डेटा न पुसता डिस्क एमबीआरची जीपीटी करून देतं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नसावीत एवढी अट. आधी 'व्हॅलिडेट' करून बघायचं, ते ठीक म्हणालं तरच 'कन्व्हर्ट'. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन लेगसीचं यूईएफआय (नवी पद्धत) करायचं आणि सिक्युअर बूट चालू करायचं.

पण त्याआधी एक बघा. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू आहे का? असेल तर बायोसमध्ये फेरफार केल्यावर मशीन निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी ती कागदावर उतरवून घ्या, एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा, मगच पुढे जा. हे काम एकट्याने करू नका, शेजारी कोणीतरी जाणता बसवा.

---

मुक्काम_पोस्ट_डब्लिन

एक बाळबोध शंका. विंडोज १० चालतंय ना, मग सोडा की नाद. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला म्हणजे काही मशीन बंद पडत नाही. वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आमच्याकडे युरोपात त्याचे पैसेही नाहीत, फक्त मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावं लागतं. भारतात सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडला की मोफत, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट, असं माझ्या वाचनात आहे.

---

सह्यभटक्या

म्हणजे दुखणं एक वर्ष पुढे ढकललं.

---

मुक्काम_पोस्ट_डब्लिन

ढकललं तर ढकललं. ज्याचं पोट त्या मशीनवर चालतं त्याला एक वर्ष मिळणं ही लहान गोष्ट नाही. माझ्या सासऱ्यांकडे सहाव्या पिढीचा पीसी आहे, तो नियमात बसतच नाही. त्यांच्यासाठी मी हेच केलं. पुढच्या वर्षी लिनक्स मिंट टाकून देईन, त्यांना ब्राउझर आणि पत्ते एवढंच लागतं.

---

खटपट्या

नियमात न बसणाऱ्या मशीनवरपण पेनड्राइव्हची युक्ती करून ११ टाकता येतं. मी टाकलंय.

---

बाराखडी

टाकता येतं, पण पुढची मोठी अपडेट मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि फार जुन्या मशीनवर तेही जमत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या आज्ञा (इन्स्ट्रक्शन) समजाव्याच लागतात. कोअर टू ड्युओवाल्यांनी हा विषय डोक्यातून काढावा.

डब्लिनकरांचं म्हणणं मात्र मला पटतं. जाईजुई, हातातलं काम पत्रिकांच्या हंगामातलं असेल तर वाढीव अपडेटची नोंदणी करून ठेवा. म्हणजे अपग्रेडचं निवांत बघता येईल.

---

जाईजुई

नोंदणी करून टाकली. अहवालाच्या फाइलीपण बाहेरच्या डिस्कवर घेतल्या.

सगळं काढून, अँटिव्हायरस उडवून पुन्हा लावलं. परत तिथेच अडलं, तोच कोड. पण सेटअपडायगची फाइल सापडली! त्यात नियमाचं नाव 'डिव्हाइस इन्स्टॉल हँग' असं आहे. कुठलं उपकरण ते मला समजेल असं लिहिलेलं नाही, एक लांबलचक रूट वगैरे आहे.

---

बाराखडी

झकास, सापडतंय. आता मूळ नोंद बघू.

एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फाइली दिसतील असं करा. सी ड्राइव्हवर डॉलरच्या खुणेने सुरू होणारं विंडोज, मग टिंब, लहरी रेघ आणि बीटी अशा विचित्र नावाचं फोल्डर दिसेल. त्यात सोर्सेस, त्यात रोलबॅक, त्यात सेटअपएपीआय. तिथली 'डेव्ह' नावाची लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडून थेट शेवटाला जा.

त्या फाइलीत प्रत्येक उपकरणाचा एक परिच्छेद असतो. सुरुवातीला उजवीकडे तोंड केलेले तीन बाण, शेवटी डावीकडे तोंड केलेले तीन बाण आणि 'एक्झिट स्टेटस: सक्सेस'. वरून खाली सगळे परिच्छेद असे उघडून बंद झालेले दिसतील. अगदी शेवटचा मात्र उघडला असेल आणि बंद झालेला नसेल. तोच तुमचा चोर. त्यातलं आयएनएफ (ड्रायव्हरच्या माहितीच्या) फाइलीचं नाव सांगा, आणि कंपनीचं नाव नको, नुसतं 'काय उपकरण आहे' तेवढं सांगा.

---

जाईजुई

अक्षरशः तसंच आहे! शेवटचा परिच्छेद मध्येच तुटलाय. ओईएम२७.आयएनएफ. वर्णनात हार्डवेअर की, पॅरलल पोर्ट असं काहीतरी, ड्रायव्हरची तारीख २००९.

पण आमच्या पीसीला पॅरलल पोर्टच नाहीये!!

---

खटपट्या

डोंगल! डीटीपीवाल्यांचं लॉक! पॅकेजची चोरटी प्रत चालू नये म्हणून पोर्टला लावतात ते. बाबांना विचारा, त्यांना लगेच कळेल.

---

जाईजुई

विचारलं. बाबा म्हणाले, आधी प्रिंटरच्या पोर्टला लावायचं जाड लॉक होतं, त्यामागे प्रिंटरची केबल लावायची. नंतर कंपनीने ते परत घेऊन यूएसबीचं दिलं. ते आत्ताही सीपीयूच्या मागे लावलेलं असतं (या वेळी मी सगळं काढलं तेव्हा तेही काढलं होतं). दुकानवाल्याने जुन्या मशीनवरून पॅकेज आणताना दोन्हींचे ड्रायव्हर टाकले असावेत.

आता माझी खरी भीती. हा ड्रायव्हर काढला आणि पॅकेज उघडलंच नाही तर? लॉकशिवाय ते फक्त डेमो चालतं, प्रिंट देत नाही.

---

बाराखडी

रास्त भीती आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा. पॅरललवाल्या लॉकची नोंद फिकट दिसेल, म्हणजे ते जोडलेलं नाही. यूएसबीचं लॉक लावा, त्याची नोंद गडद दिसली पाहिजे. त्याच्या ड्रायव्हरच्या टॅबवर आयएनएफचं नाव बघा. ते ओईएम२७ नसून दुसरं काही असेल तर दोघांचे ड्रायव्हर वेगळे आहेत आणि जुना काढायला हरकत नाही.

मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिलच्या (ड्रायव्हर सांभाळणाऱ्या कमांडच्या) यादीत ओईएम२७ म्हणजे खरोखर तेच आहे ना याची पुन्हा खात्री करा. हा आकडा प्रत्येक मशीनवर वेगळा असतो, वाचणाऱ्या बाकीच्यांनी आंधळेपणाने २७ उडवू नये! खात्री झाली की त्याच पीएनपीयूटिलने डिलीट-ड्रायव्हर, सोबत अनइन्स्टॉल. 'फोर्स' लावू नका.

रिस्टार्ट करा, यूएसबी लॉक लावून बाबांना पॅकेज उघडून एक पान प्रिंट करायला सांगा. विंडोज १० वरच. तिथे चाललं तर जुन्या ड्रायव्हरची गरज नव्हती हे सिद्ध झालं. नाही चाललं तर अपग्रेडचा विचार तिथेच थांबवा.

लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर विंडोज ११ साठीचा नवा ड्रायव्हर आहे का तेही आधीच उतरवून ठेवा. डीटीपी पॅकेजवाले वेगळे, लॉक बनवणारे वेगळे, हे लक्षात असू द्या. लॉकच्या अंगावर बारीक अक्षरात नाव असतं.

---

आजोबा_ऑनलाइन

अवांतर: त्या जुन्या पॅकेजात केलेलं लिखाण दुसऱ्या संगणकावर उघडलं की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. आमच्या गृहनिर्माण संस्थेची जुनी इतिवृत्तं अशीच अडकून पडली आहेत.

---

बाराखडी

काका, ते युनिकोडपूर्व फाँट. त्यात मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. तो फाँट टाकला की मजकूर वाचता येतो. कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. त्याची साधनं फुकटही मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि वेलांटीच्या जागा नंतर डोळ्यांनी तपासाव्या लागतात. जमल्यास सगळ्या फाइलींची पीडीएफ आधी करून ठेवा. मूळ काय होतं हे नंतर ताडून बघता येतं.

---

सह्यभटक्या

मी फॉरमॅट सांगत होतो ते मागे घेत नाही, पण लॉकवाली भानगड असेल तर या ताईंच्या बाबतीत तो सल्ला चालणार नाही हे कबूल.

---

बाराखडी

आणखी एक सांगायचं राहिलं, @जाईजुई. या वेळी विंडोज अपडेटमधून नको, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (विंडोज ११ ची पूर्ण सेटअप फाइल) उतरवून, त्यावर दोनदा क्लिक करून आतला सेटअप चालवा. 'चेंज हाउ सेटअप डाउनलोड्स अपडेट्स' वर जाऊन 'नॉट राइट नाऊ' निवडा.

आयएसओची भाषा नीट निवडा. साइटवर 'इंग्लिश' म्हणजे अमेरिकन आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' म्हणजे ब्रिटिश अशा दोन असतात. तुमच्या विंडोजची मूळ भाषा ज्यातली आहे तीच हवी. चुकीची घेतली तर 'फाइली आणि अ‍ॅप्स दोन्ही ठेवा' हा पर्याय बंद दिसतो आणि माणूस वैतागून 'फक्त फाइली' निवडतो. मग बाबांचं पॅकेज गेलं! डिझम (विंडोजच्या देखभालीची) कमांडला गेट-आयएनटीएल विचारलं की मूळ भाषा समजते. सेटअपच्या शेवटच्या पानावर 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' असं लिहिलेलं दिसलं तरच इन्स्टॉल दाबा.

---

वऱ्हाडी_ठेचा

माह्यं झालं! फाँट उडवले अन् गाडी सुरू. बाराखडीभाऊ, अमरावतीले या, पाहुणचार लागू हाय.

---

जाईजुई

झालं झालं झालं!!

क्रमाने सांगते. यूएसबी लॉकचा ड्रायव्हर वेगळाच निघाला. जुना उडवला, रिस्टार्ट केलं, बाबांनी कोणाच्यातरी साखरपुड्याची पत्रिका उघडून प्रिंट काढली. ठीक आली. भाषा तपासली तर आमचं विंडोज इंटरनॅशनल निघालं, आणि मी आधी साधं 'इंग्लिश' उतरवून ठेवलं होतं, ते फेकून दुसरं उतरवलं. लॉक, प्रिंटर सगळं काढलं आणि सेटअप लावला.

पन्नाशीच्या पुढे टक्का गेला तेव्हा बाबा खुर्ची ओढून शेजारीच येऊन बसले. एकसष्ट, बासष्ट, पुढे सरकत गेलं. विंडोज ११ आलं.

लॉकचा नवा ड्रायव्हर टाकून मग लॉक लावलं. पॅकेज पहिल्यांदा उघडलं नाही. प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी विंडोज ७ केल्यावर उघडलं, फाँट सगळे जागेवर, प्रिंटही आली. बाबांची एकच तक्रार, स्टार्टचं बटण मध्ये का गेलं.

---

खटपट्या

अभिनंदन! सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, त्यात अलाइनमेंट लेफ्ट करा. बाबा खूश.

---

जाईजुई

केलं, खूश आहेत. शेवटचा प्रश्न: सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड नावाचं फोल्डर आलंय, बरीच जागा खातंय. उडवू का?

---

बाराखडी

अजिबात नको. त्यातूनच विंडोज १० वर परत जाता येतं आणि ती सोय फक्त १० दिवस असते, नंतर विंडोज ते स्वतःच काढून टाकतं. डिझमच्या सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो कमांडने ती मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ते मूळ १० दिवसांच्या आतच करावं लागतं. आजच करून टाका. या काळात बाबांना सगळी नेहमीची कामं एकदा करून बघू द्या: मोठा अहवाल, रंगीत प्रिंट, स्कॅनर, बँकेचं डिजिटल सहीचं टोकन असेल तर तेही. सगळं चाललं की डिस्क क्लीनअपमधून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' वर खूण करून काढा, नुसतं डिलीट दाबून ते पूर्ण जात नाही.

आणि अँटिव्हायरस परत टाकणार असाल तर आधी त्याची विंडोज ११ ची आवृत्ती उतरवा.